तिला शांत करू नकोस

प्रिय मुली,

"ताई, ती रडतच नाही. मेलेल्या नवऱ्याला नुसत्या शिव्या देते. समुपदेशनाचं सत्र हातातून निसटतंय," असं तू लिहिलंस. सत्र तुझ्या हातात हवंच कशाला?

तिचा नवरा फवारणीचं औषध पिऊन गेला, तेही न सांगता. मागे थकलेलं पीककर्ज, दारात सावकार, दोन पोरं आणि "तूच काहीतरी बोलली असशील" म्हणणारी सासू. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरासाठीची, 2006 च्या शासन निर्णयातली 1 लाखाची मदत मिळणार, पण जिल्ह्याच्या समितीने प्रकरण 'पात्र' ठरवलं तर. मरणाचं कारणही कागदावर सिद्ध करायचं! या बाईने चिडू नये तर काय करावं?

तिला शांत करू नकोस. राग कुणाकुणावर आहे ते वेगवेगळं करून घे. समितीवरच्या रागाचा अर्ज होतो, तो तिच्यासोबत बसून लिही. सासूवरच्या रागातून कधीतरी बोलणं निघेल. नवऱ्यावरच्या रागाला मात्र अर्ज नाही, अपील नाही. तिचं दुःख तिथेच आहे, आणि तू नेमकं तेच गप्प करायला निघाली आहेस.

नकारापासून स्वीकारापर्यंतच्या, दुःखाच्या त्या पाच पायऱ्याही तिला लावू नकोस. मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस बाईंनी 1969 मध्ये त्या मांडल्या मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, विधवांशी नव्हे. आणि कुठल्याशा कार्यशाळेत शिकवतात तसं उशी बडवायला तर अजिबात सांगू नकोस. बडवून राग निवत नाही, उलट वाढतो, हे प्रयोगांत दिसलंय. ती बोलते तेव्हा ऐक. एवढं जमत नसेल तर दुसरं काम बघ. (चिडून लिहितेय, मनाला लावून घेऊ नकोस. जमेल तुला.)

मला वरिष्ठ 'बायकांना भडकवणारी' म्हणायचे. अहवालात 'लाभार्थी शांत झाली' असं लिहायला मी कायम नकार दिला. त्यापायी बढती गेली. तिची खंत नाही म्हणणं खोटं होईल. पण ते वाक्य मी आजही लिहिणार नाही. शांत झालेल्या बाईचं पुढे काय होतं, ते त्या कचेरीत बसून दिसत नाही.

आणि शांत दिसली तर जास्त सावध हो. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. औषधाचा डबा अजून घरातच असेल, तो आशाताईंच्या मदतीने आधी बाहेर काढ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दे.

मंगळवारी जाशील तेव्हा सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का, तेही तलाठ्याकडे विचारून घे. आणि सासूला दुसऱ्या खोलीत बसव. तिचाही मुलगा गेलाय, तिच्याशी वेगळं बोलावं लागेल.

तुझी,
ताई