प्लास्टरचा कान आणि तीन आठवडे

वाचकांचे प्रश्न : चित्रकला

प्रश्न : मी चित्रकलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले तीन आठवडे आमच्या वर्गात प्लास्टरच्या एकाच कानाचे, तेही एकाच जागेवर बसून, चारकोलने ड्रॉइंग चालले आहे. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या कानाची ती प्रतिकृती आहे. चित्र पूर्ण होत आले असताना सरांनी ते दोनदा फडक्याने झटकून टाकले आणि ‘पुन्हा माप घ्या’ एवढेच सांगितले. आता मापे बरोबर येतात, तरीही चित्र निर्जीव दिसते. माझ्या मैत्रिणी टॅबलेटवर रोज एक चित्र पूर्ण करतात. या सरावाने माझा हात आखडेल आणि स्वतःची शैली कधी तयारच होणार नाही, अशी भीती वाटते. चित्राचा फोटो सोबत पाठवत आहे.
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमचे पत्र एकदा वाचले आणि फोटो मात्र बराच वेळ पाहिला, म्हणून आधी चित्राबद्दल लिहितो. मापे खरोखरच बरोबर आहेत. कानाची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण, वरच्या कडेचे वळण, पाळीचा उतार यांत बोट ठेवायला जागा नाही. दोष छटांमध्ये आहे. कानाच्या भोकाजवळचा खोलगट भाग, बाहेरच्या कडेखालची सावली आणि मागच्या पाटावर पडलेली सावली या तिन्हींना तुम्ही सारखाच काळा दिला आहे, त्यामुळे कोणती सावली जवळची आणि कोणती दूरची हे डोळ्याला कळतच नाही. बाहेरची रेषाही आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जाडीची आहे. प्रत्यक्षात ती उजेडाकडे जवळजवळ विरून जाते आणि सावलीकडे मागच्या अंधारात मिसळते. पाळीच्या खालच्या बाजूला पाटावरून परतलेला उजेड तुम्हांला दिसला, ही चांगल्या नजरेची खूण आहे, पण तो तुम्ही इतका पांढरा ठेवला आहे की सावलीला भोक पडल्यासारखे वाटते. परावर्तित प्रकाश कितीही डोळ्यांत भरला तरी तो सावलीच्या कुटुंबातलाच असतो आणि उजेडाच्या बाजूच्या छटांपेक्षा गडदच राहतो.

चौथ्यांदा हे चित्र सुरू कराल तेव्हा पहिला तासभर डोळे बारीक करूनच पाहा. तपशील पुसट होतील आणि उजेड व सावली असे दोनच मोठे आकार उरतील. तेवढेच दोन आकार कागदावर मांडा, सावलीचा आकार एकाच सपाट छटेने भरा, मग उठून चार पावले मागे जा आणि तिथून तो कानासारखा दिसतो का ते पाहा. तो तिथूनच कानासारखा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर आतल्या बारकाव्यांनी तो कधीही सुधारणार नाही. तुमचे चित्र निर्जीव होण्याचे कारण, मला वाटते, तुम्ही एका टोकापासून काम पूर्ण करत पुढे गेलात, हे आहे.

आता तीन आठवडे एकच कान कशासाठी, याविषयी. प्लास्टर पांढरे असते, त्याला कातडीचा रंग नसतो, काळेभोर केस नसतात आणि ते हलत नाही. त्यामुळे त्याच्यापुढे बसलेल्या माणसाला आकार आणि छटा यांच्याशिवाय दुसरे काही पाहायलाच उरत नाही. एरवी आपण ‘हा कान’ असे मनात म्हणतो आणि मनातला ठरलेला कान कागदावर उतरवतो. ही सवय एका दिवसात जात नाही. म्हणूनच युरोपातल्या अकादमींनी आधी छापील नमुन्यांवरून, मग पुतळ्यांवरून आणि त्यानंतर जिवंत मॉडेलवरून असा क्रम ठरवला. 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आल्या, आणि नग्न मॉडेलवरून अभ्यास करण्याचा लाइफ क्लास 1920च्या सुमारास तिथले प्रमुख कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात तिथे रुजला. या पद्धतीमागे, भारतीयांना खरे ड्रॉइंग येत नाही, असा राज्यकर्त्यांचा गैरसमजही होता, तो विसरू नये. पण त्याच संस्थेतले विद्यार्थी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याला जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. अजिंठ्याची रेषा ग्रीक पुतळ्याच्या सावलीवर चालत नाही, ती वेगळ्याच जातीची आहे. पुतळ्यापुढे शिकलेल्या डोळ्यांना ती पकडता आली, याचा मला वाटणारा अर्थ असा की ते डोळे ग्रीक नियम शिकले नव्हते, समोर आहे ते पाहायला शिकले होते.

शैलीच्या भीतीबद्दल. फ्रान्समध्ये शार्ल बार्ग यांनी चित्रकार जेरोम यांच्या साहाय्याने तयार केलेला ड्रॉइंगचा छापील अभ्यासक्रम होता. त्यात पुतळ्यांचे हात, पाय, कान, डोके असे नमुने पाहून तंतोतंत उतरवायचे असत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी चित्रकार व्हायचे ठरवल्यावर 1880–81 मध्ये ते नमुने पुन्हा पुन्हा उतरवले आणि 1890 मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, त्यांतल्या काहींकडे ते परत वळले. त्यांची रेषा दुसऱ्या कोणाची वाटते, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. आपल्याकडे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये जे.जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि शिक्षक होऊन एकूण 41 वर्षे तिथे राहिले. शिस्त तीच, पण त्यांच्या चित्रांतली लुगडे नेसलेली बाई ज्या डौलाने उभी राहते तो डौल कोणत्याही पुतळ्याचा नाही.

हात आखडण्याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही, कारण ती खरी आहे. केवळ स्थिर वस्तूपुढे बसणाऱ्याचा हात जड होतो. त्यावर जुना उपाय म्हणजे रोज अर्धा तास एसटी स्टँडवर किंवा मंडईत बसून स्केचिंग करणे, प्रत्येक माणसाला जेमतेम दोन मिनिटे. गाठोडे डोक्यावर घेताना बाईच्या मानेचा आणि कमरेचा एकमेकींशी काय संबंध येतो, एवढे एका रेषेत आले तरी दिवस कारणी लागला. सकाळी कान आणि संध्याकाळी स्टँड, असे दोन्ही चालू ठेवा. टॅबलेटशीही वैर धरू नका. मात्र तिथे चूक एका स्पर्शाने नाहीशी होते, आणि चूक कुठे झाली हे शोधण्याची गरजच वाटेनाशी होते.

राहिले सरांचे फडके. चित्र पुसणे मला खटकत नाही, चारकोल त्यासाठीच असतो. काहीही न सांगता पुसणे खटकते. मी शिकत होतो तेव्हा माझ्या एका शिक्षकांनी महिन्याभराचे हेड स्टडी, म्हणजे डोक्याचे अभ्यासचित्र, कारण न सांगता फाडले होते आणि पुढचे दोन महिने मी कागदाला हात लावला नव्हता. त्यांना काय चुकीचे दिसले हे मी विचारले नाही, ही माझी चूक होती, आणि ती तुम्ही करू नये असे मला मनापासून वाटते. वर्ग सुटल्यावर चित्र घेऊन जा आणि ‘सर, पहिली चूक कुठे दिसते?’ एवढेच विचारा.

प्रश्न : माझे वय 46 आहे, नोकरी करते. कॉलेजला जाणे शक्य नाही. घरी पुतळे नाहीत, मॉडेल नाही. अशा पद्धतीचा अभ्यास घरी करता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नक्कीच येईल. पेणच्या परिसरातून न रंगवलेल्या, म्हणजे कच्च्या गणेशमूर्ती गावोगावी जातात; जवळच्या मूर्तिकाराकडे एखादी लहान कच्ची मूर्ती मिळते का ते पाहा. रंग नसल्यामुळे सोंडेचे वळण आणि पोटाची गोलाई निव्वळ छटांतून दिसते. स्टीलचा तांब्या सुरुवातीला टाळा, त्यात सगळी खोली दिसते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून एकच दिवा डावीकडून, थोडा वरून येईल असा ठेवा आणि रोज तो त्याच जागी राहू द्या.

बोर्ड मूर्तीच्या शेजारी उभा लावा, मूर्तीच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर मागे या आणि पायांच्या जागी जमिनीवर खडूने खूण करा. पाहायचे ते त्या खुणेवरूनच, रेघ ओढण्यापुरते पुढे जायचे आणि पुन्हा मागे यायचे. दोऱ्याला एक नट बांधला की ओळंबा तयार होतो. तो एका डोळ्यासमोर धरून पाहा, सोंडेचे टोक कोणत्या पावलाच्या सरळ वर येते. पहिल्या दिवशी एवढे एकच माप कागदावर घ्या.