घरी बनवलेल्या अँप्लिफायरच्या चासीला, म्हणजे बाहेरच्या पेटीला, पॉवर इनलेट सॉकेट (विजेची वायर जिथे खुपसतात ते) बसवायचंय. चौकोनी भोक कसं पाडू? स्क्रूचं घेऊ की दाबून बसणारं?

स्क्रूचं घ्या. दाबून बसणाऱ्या सॉकेटच्या बाजूच्या पाकळ्या ठरावीक जाडीच्या पत्र्यासाठीच केलेल्या असतात. पत्रा जाड निघाला तर पाकळ्या पलीकडे जाऊन उघडतच नाहीत, पातळ निघाला तर सॉकेट खुळखुळतं. माझ्या पहिल्या अँपचा पत्रा 3 मिमीचा होता. पाकळ्या अडकल्यासारख्या वाटल्या म्हणून खूश झालो. महिनाभराने वायर उपसताना तिच्याबरोबर सॉकेटही गपकन बाहेर आलं. वायरचं दुसरं टोक भिंतीत नव्हतं, म्हणून आज हसून सांगता येतंय.

भोकाचं म्हणाल तर कॉम्प्युटरच्या मागे असतं तसं साधं सी14 सॉकेट साधारण 27 बाय 20 मिमीच्या भोकात बसतं, आणि स्क्रूची भोकं 40 मिमी अंतरावर येतात. तरी माप हातातल्या सॉकेटला कॅलिपर लावूनच घ्या. पत्र्याला मास्किंग टेप लावून त्यावर आखा, रेषेच्या आतल्या बाजूने 3 मिमीची भोकं शेजारी शेजारी पाडा, मधला तुकडा तोडा आणि उरलेलं कानशीने. अ‍ॅल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं, आधी खडू चोळून घ्या. रेष अजून दिसत असतानाच सॉकेट लावून बघायला सुरुवात करा. कानस पुढे जाते, मागे येत नाही. आणि सर्किट आत ठेवून कानस चालवू नका. झालं भोक.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'अर्थची वायर सॉकेटच्याच स्क्रूखाली दाबणार आहे, सगळी पेटी धातूचीच आहे.' अगदी हेच वाक्य माझ्या मोठ्या चुलतभावाचं. दादा इलेक्ट्रिकलचा पदवीधर, मी नाही, त्यामुळे वाद सुरू व्हायच्या आधीच संपायचा.

माझी दुसरी पेटी सहा पाट्यांची होती. काळं अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम, दिसायला झकास. दादाच्या सांगण्यावरून अर्थ मागच्या पाटीला सॉकेटच्या स्क्रूखाली दिली. अँप उत्तम वाजायचा. फक्त आवाजाच्या नॉबशेजारून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की पाटी खरखरीत लागायची, बारीक झिणझिण्यांसारखी. दादाला दाखवलं. तो म्हणाला, 'तुला भास होतोय, आणि होत नसेल तर चपला घाल.' त्यावर घरातले सगळे हसले. मी नाही हसलो.

त्या रात्री वायर काढून मल्टीमीटर बीपवर लावला, दोन टोकांत जोड असेल तर तो वाजतो. एक टोक सॉकेटच्या मधल्या पिनेवर, दुसरं मागच्या पाटीच्या कडेला. गप्प. जरा दाबून ओरखडा काढला, बीप. वरचं झाकण, गप्प. पुढची पाटी, गप्प. तळाची पाटीही गप्प. अ‍ॅनोडाइजिंगचा थर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, आणि ते विजेला अडवतं. सहा पाट्या एकमेकींना स्क्रूने घट्ट धरून होत्या, विजेच्या हिशेबाने मात्र सहा अनोळखी माणसं. सर्किटचं ग्राउंड मी अर्थला जोडलेलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधल्या कपॅसिटन्समधून, म्हणजे त्या टेकलेल्या नसूनही शेजारी असल्याने, थोडासा करंट त्या ग्राउंडवर, तिथून नॉबच्या धातूच्या अंगातून पुढच्या पाटीवर येत होता. तेवढ्याने माणूस मरत नाही. पण उद्या फेजची वायर सुटून त्याच पाटीला टेकली असती, तर फ्यूज उडायला रस्ताच नव्हता. पाटी शांतपणे जिवंत राहिली असती आणि नॉबला हात मी लावला असता.

तेव्हा असं करा. अर्थसाठी चासीच्या आत वेगळा एम4 बोल्ट घ्या, तो दुसरं काहीही धरत नसावा. सॉकेटचा स्क्रू नाही, ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट तर नाहीच. कोणीतरी ट्रान्सफॉर्मर बदलायला तो सैल करतोच. बोल्टभोवतीचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, रिंग टर्मिनल (वायरीच्या टोकाचं गोल कडं) दाबून लावा, दातेरी वॉशर, नट, वरून आणखी एक नट. ही वायर फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढाताण झाली तर ती शेवटी सुटेल. मग प्रत्येक पाटीला त्या बोल्टापासून स्वतंत्र वायर. शेवटी मीटर घेऊन प्रत्येक पाटी तपासा. नुसत्या बीपवर समाधान मानू नका, कित्येक मीटर तीस-चाळीस ओहमलाही बीप देतात. मीटरच्या वायरींचा रोध वजा केल्यावर 0.1 ओहमच्या आसपास यायला हवं.

मी पाच वायरी टाकल्या आणि झिणझिण्या गेल्या. दादाला बोलावून बोट फिरवायला लावलं. तो म्हणाला, 'आधीही काही लागत नव्हतं.'

राहिलेलं पटकन. फ्यूज फेजवर आणि स्विचच्या आधी. टोरॉइडल, म्हणजे मेदूवड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर असेल तर हळू उडणारा, 'टी' लिहिलेला. स्विच दोन्ही वायरी तोडणारा. सॉकेटच्या मागच्या टर्मिनलवर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा आणि वायर टर्मिनलला डाग देण्याआधीच ती नळी वायरीवर ओवून ठेवायला विसरू नका, मी दर वेळी विसरतो. घेताना पिना बाहेर आलेलं, म्हणजे नर सॉकेटच घ्या. तसंच दिसणारं मादी आउटलेटही मिळतं, ते लावलंत तर वायरीच्या टोकाला उघड्या जिवंत पिना येतील.

आणि हे आधी लिहायला हवं होतं: पेटी उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा, बटण बंद करून भागत नाही, आणि वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे झालेत का ते मीटरने बघा. पेटी प्लॅस्टिकची असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, तिथे नियम वेगळे. पत्रा किती जाडीचा आहे आणि रंग कोणता, पावडर कोटिंग की अ‍ॅनोडाइज, ते कळवा. पावडर कोटिंग कानशीने घासू नका, पोपडे निघतात, सँडपेपर वापरा.