मेलेल्या नखातून ओळख कशी पटते?

प्रश्न : आमच्याकडे नदीत एक अनोळखी मृतदेह सापडला. शवविच्छेदनाच्या वेळी पायाची नखं कापून डीएनए तपासणीला पाठवली म्हणे. नख तर मेलेलं, कापलं तरी दुखत नाही. त्यातून काय हाती लागणार?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : नख मेलेलं खरं, पण रिकामं नव्हे. मुळाशी त्याच्या पेशी जिवंत असतात. पुढे सरकताना त्या केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाने भरतात, केंद्रक मोडतं, पण डीएनएचे तुकडे त्या कठीण थरांत अडकून राहतात. रक्तमांस कुजल्यावरही ते मिळू शकतात. प्रयोगशाळेत असताना मला हाडापेक्षा नख आलं की बरं वाटायचं. हाड घासा, दळा, त्यातलं कॅल्शियम काढा. नखाला नेलकटर पुरतो. अर्थात देह फार दिवस पाण्यात राहिला तर हातापायांची कातडी मोज्यासारखी सुटते, नखंही जातात. मग दात नाहीतर मांडीचं हाड.

खरी मेहनत धुण्यात. नखावर दुसऱ्या कुणाचाही डीएनए असू शकतो. झटापटीचा संशय असेल तर नखाखालचा मळ आधी वेगळा काढून ठेवायचा, त्यात हल्लेखोर सापडू शकतो. नेलपॉलिश असेल तर अ‍ॅसिटोन, मग साबणद्रव, अल्कोहोल, शुद्ध पाणी. नंतर बारीक तुकडे करून प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं विकर) आणि डीटीटी हे रसायन घालून ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचे. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करताना केराटिनमधले जे गंधकाचे बंध तोडतात, तेच डीटीटी तोडतं. ते घालायचं राहिलं तर सकाळी नख बरंचसं तसंच!

आणि पाकीट कागदी हवं, नमुना कोरडा हवा. ओलं नख प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं की बुरशी धरते. तसली पिशवी टेबलावर आली की माझा पारा चढायचा.

मिळालेला डीएनए जुळवायला आईवडील किंवा मुलांचं रक्त नाहीतर गालाच्या आतला स्वॅब लागतो. केंद्रकातला डीएनए फारच तुटलेला असेल तर मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांतला, पाहतात. तो आईकडून येतो, म्हणून मामा किंवा मावशीचा नमुनाही चालतो. मात्र दोन सख्खे भाऊ बेपत्ता असतील तर त्यातला हा कोण, ते मायटोकाँड्रियावरून सांगता येत नाही.