चार महिन्यांनी तक्रार केली तर?

प्रश्न : वकीलताई, माझ्या धाकट्या बहिणीवर तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठाने चार महिन्यांपूर्वी बलात्कार केला. मला तिने गेल्या आठवड्यात सांगितलं. बलात्कार झाला त्याच रात्री तिने अंघोळ केली, कपडे धुतले, दुसऱ्या दिवशी कामावरही गेली. पोलीस ठाण्यात 'तीन महिने उलटून गेले, शिवाय हद्द आमची नाही' म्हणून परत पाठवलं. आता काही होईल का? – एक वाचक

उत्तर : होईल. तिने पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं, म्हणजे तुम्हीही साक्षीदार आहात. तो दिवस, ती वेळ, तिचे शब्द आजच लिहून ठेवा.

तीन महिन्यांची मुदत ऑफिसातल्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे, तक्रार करण्यासाठी असते, आणि तीही वाढवून मिळू शकते. बलात्काराच्या फिर्यादीला मुदतच नाही. हद्दीचं कारणही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्याने गुन्हा नोंदवायचा असतो, आपण त्याला झिरो एफआयआर म्हणतो. नोंदवून न घेणं हाच गुन्हा आहे. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची.

सही करण्याआधी मात्र बहिणीने ती फिर्याद शब्दन् शब्द वाचावी. 'जबरदस्ती केली' एवढ्यावर उरकलेले जबाब मी पाहिले आहेत. पुढे कोर्टात बाई सगळं सांगते, तेव्हा 'हे पोलिसांना का नाही सांगितलं?' म्हणत आरोपीचे वकील तोच कागद तिच्यावर उलटवतात. काही राहिलं असेल तर तिथेच लिहून घ्यायला लावा.

धुतलेल्या कपड्यांनी केस संपत नाही. गुरमित सिंग खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, आणि निव्वळ उशिराने फिर्याद खोटी ठरत नाही. माझ्या एका अशिलाला उलटतपासणीत विचारलं होतं, 'दुसऱ्या दिवशी कामावर कशा गेलात?' ती म्हणाली, 'पगाराचा दिवस होता.' मला आजही ते उत्तर आठवतं.

त्या वरिष्ठाचे मेसेज, कॉलची यादी, त्या दिवसाची हजेरी, काहीही पुसू नका. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनेच होते. त्यात 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणी, करायला निघाले तर ठाम नकार द्या, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१३ मध्येच चुकीची ठरवली आहे. सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

ठाण्यात सोबत जरूर जा, शेजारी बसा. पण उत्तरं तिची तिलाच देऊ द्या.