भावाला पाहून ओटीकडे वळलेली मुलगी

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. धाकट्या मुलाला ऑटिझम आहे. त्याला ऑक्युपेशनल थेरपीला (ओटी) नेतो तेव्हा ती सोबत असते आणि आता तिला तेच शिकायचंय. सासूबाई बाथरूममध्ये पडल्यापासून म्हाताऱ्या माणसांसाठीही काही करावंसं तिला वाटतं. नातेवाईक म्हणतात, त्यापेक्षा फिजिओ कर. काय करावं? (एक आई, बार्शी)

नमस्कार ताई,

आधी नावाचा घोळ. सरकारी पाटीवर या विषयाला 'व्यवसायोपचार' लिहितात, त्यामुळे निम्म्या लोकांना ते रोजगार मार्गदर्शन वाटतं. 'ओटी' म्हटलं की उरलेल्यांना ऑपरेशन थिएटर आठवतं. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं : दात घासणं, डब्याचं झाकण उघडणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, मोरीपर्यंत जाऊन येणं. फिजिओथेरपिस्ट बहुधा गुडघा, खांदा, स्नायू इथून सुरुवात करतो आणि ओटीवाला 'तुमचं कोणतं काम अडलंय?' इथून. पुढे दोघांच्या वाटा पुष्कळदा एकत्र येतात. यातलं एक वरचं आणि एक खालचं, असं काही नाही.

मुलं की म्हातारी माणसं, हे तिनं आज ठरवू नये. दोन्हीकडे लागणारी नजर एकच आहे. वर्गात एखादं मूल सारखं बाकावरून उठतं. बाई म्हणतात, खोडकर आहे. ओटीवाला पाहतो की त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, शर्टाच्या लेबलची पट्टी मानेला टोचते आणि डब्याच्या सुट्टीतला गोंगाट त्याला सहन होत नाही. मग पायांखाली पाट येतो, पट्टी कापली जाते, पुढच्या तासाला काय आहे ते चित्रांच्या तक्त्यावर लावलं जातं. ऑटिझम 'बरा करण्याची' हमी देणाऱ्या केंद्रापासून मात्र चार हात लांब राहा. झोपाळे आणि रंगीत चेंडूंनी भरलेली खोली म्हणजे थेरपी नव्हे. त्या झोपाळ्यामुळे मुलाला घरी किंवा शाळेत कोणती गोष्ट जमायला हवी आहे, हे सांगता आलं पाहिजे.

आता आजी. 'टाइम्ड अप अँड गो' नावाची साधी तपासणी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून पुढची तपासणी करतात. पण आकड्याइतकंच बाकीचं पाहणं महत्त्वाचं. आजी उठताना हातांवर किती जोर देतात? वळताना पावलं अडखळतात का? बोलता बोलता चालणं थांबतं का? शिवाय खरी परीक्षा दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर होत नाही. ती उंबरठ्यावर, ओल्या मोरीत आणि भारतीय संडासावरून उठताना होते. भिंतीला कठडा कुठे आणि किती उंचीवर हवा, हे ठरवणं याच विद्येत येतं.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. भावावर माया आहे म्हणून मुलगी चांगली थेरपिस्ट होईलच, असं नाही. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया भरपूर पाठ करावी लागते. एकाच मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवण्यात महिने जातात. आणि घरी येऊन पुन्हा तेच. भावाची थेरपिस्ट होण्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नका, तिला त्याची बहीणच राहू द्या.

प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलमार्फत. बीओटीएच हा ओटीचा पदवी अभ्यासक्रम आतापर्यंत सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता. २०२१च्या कायद्यानं ओटी, फिजिओसारख्या आरोग्यसेवांसाठी राष्ट्रीय आयोग आला असून अभ्यासक्रम बदलत आहेत, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका नीट वाचा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जुनी, भरपूर रुग्ण पाहायला मिळणारी ठिकाणं. खाजगी कॉलेज घ्यायची वेळ आली तर इमारत पाहू नका, रुग्णालयात रोज किती रुग्ण हाताखालून जातात ते विचारा. परदेशाचा विचार असेल तर अभ्यासक्रमाला ओटीच्या जागतिक महासंघाची मान्यता आहे का, हेही विचारा. थोड्या महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून कोणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत नाही.

कामाचं म्हणाल, तर मुंबई-पुण्यात मुलांची केंद्रं बरीच आहेत, सरकारी जागा मोजक्या. वृद्धांसाठी काम करणारे फारच थोडे. मला विचाराल तर बार्शीसारख्या गावात परतणाऱ्या ओटीवाल्याला वृद्धांमध्येच जास्त काम आहे.

नातेवाइकांना सांगायला एक गोष्ट देतो. भारतात हा विषय आणला कमला निंबकर यांनी. जन्मानं अमेरिकन, लग्नानं आपल्या. १९५० साली केईएममध्ये त्यांनी देशातली पहिली ओटी शाळा सुरू केली. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची.

परीक्षा संपली की तिला भावाच्या केंद्रात आठवडाभर बसू द्या, पण दुसऱ्या मुलांच्या वेळेला. पालकांची परवानगी घ्या आणि मध्ये बोलायचं नाही, असं बजावून ठेवा. एका मुलाला काय जमलं नाही आणि का, हे तिनं रोज पानभर लिहावं. सहाव्या दिवशीही लिहायला काही सापडत असेल, तर फॉर्म भरा.