बाउरान शिकताना आधी धून

प्रिय,

बाउरान, म्हणजे काठीने वाजवायचा आयरिश डफ, शिकायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. आधी कोणते हात बसवू, असं विचारलं आहेस. माझं म्हणणं, हातांच्या आधी धुना पाठ कर. एक जिग आणि एक रील, म्हणजे आयरिश नाचाच्या दोन प्रकारच्या धुना, गुणगुणता येईपर्यंत. त्या गुणगुणता आल्या नाहीत तर काठी कितीही सफाईने फिरली तरी तुझं वाजवणं धुनेच्या शेजारून जात राहील.

तू तबला शिकलेली आहेस, म्हणून हे जास्तच जोर देऊन सांगतोय. सोलो तबल्यात लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून, आवर्तन धरून ठेवतो आणि आपण त्यावर मनसोक्त फिरून समेवर येतो. आयर्लंडच्या सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या एकत्र वाजवायच्या बैठकीत, धून हीच मैफल असते. फिडल, बासरी, व्हिसल, अकॉर्डियन सगळे मिळून एकच धून वाजवतात आणि बाउरान तिच्या अंगाने चालतं. इथे तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा, मारून टाळी घ्यायला जागा नाही, आणि ती शोधूही नकोस.

धुनेचा साचा कानात बसव. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा गट), आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. म्हणजे एक फेरी 32 बारची. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता पुढची धून सुरू होते. तो बदल कोण सुचवतंय, कसा सुचवतंय, तिकडे डोळे लावून बस. बदलाच्या क्षणी हात हलका ठेवलास तर नवी धून मोकळी उघडते.

आता जिग. सहा मात्रा ऐकल्या की तुझा हात दादऱ्याकडे वळेल. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे बिनवजनाची जागा, असते. जिगमध्ये तिथेच ऐकणाऱ्याचा पाय पुन्हा जमिनीवर पडतो. वजन पहिल्या आणि चौथ्या, दोन्ही मात्रांवर हवं. काठी खाली-वर, खाली-वर अशी सलग फिरवलीस तर चौथी मात्रा वर जाणाऱ्या आघातावर येते, आणि नवशिक्याचा वरचा आघात नेहमी पोकळ असतो. म्हणून आठवडाभर फक्त वरचा आघात घोट. काही जण चौथ्या मात्रेला पुन्हा खालूनच सुरुवात करतात. तेही चालतं, पण वेग वाढला की ते जड पडतं. रीलमध्ये चार-चारचे गट असतात, तिथे ही अडचण येत नाही.

काठी, म्हणजे टिपर, पेनासारखी धर, पण घट्ट नको. हात धुतल्यावर बोटांवरचं पाणी झटकतो तसं मनगट फिरू दे. खांदा दुखायला लागला तर समज, दंडाने वाजवते आहेस.

खरी कारागिरी मात्र डाव्या हाताची. वाद्य डाव्या मांडीवर उभं असतं आणि डावा हात मागून कातड्याला टेकलेला. तो काढून घेतलास की कातडं घुमतं आणि त्या घुमण्यात फिडल बुडते. तळवा टेकवला की आवाज बंद, कोरडा होतो. दाब देत वर सरकवला की सूर चढतो. बायाँवर घिसा, म्हणजे मनगट दाबत सरकवून सूर ओढणं, घेताना मनगट जे करतं, त्याच्या जवळचं हे काम आहे, त्यामुळे ते तुला इतरांपेक्षा लवकर येईल. 'फ्लुक' या बँडमधल्या जॉन जो केलीचा डावा हात ऐक, आणि त्याआधीच्या पिढीतला 'डे डॅनन'चा जॉनी 'रिंगो' मॅक्डोना. 'द चीफटन्स'चा केव्हिन कॉनेफ ऐकलास तर कमी वाजवूनही किती उचलून धरता येतं ते कळेल.

1960 च्या दशकाआधी हे वाद्य मुख्यतः 26 डिसेंबरच्या रेन डेच्या (रेन हा एक छोटा पक्षी) मिरवणुकीत, गावोगावी फिरणाऱ्या पोरांच्या हातात दिसायचं. संगीतकार शॉन ओ रिआदाने ते आपल्या वाद्यवृंदात आणलं. तेव्हापासूनच ते मंचावर रुळलं, म्हणजे इतर वाद्यांच्या मानाने ते तिथे नवखंच आहे.

विकत घेताना शॅमरॉक (आयर्लंडचं चिन्ह असलेलं तिपानी) रंगवलेलं, पर्यटकांसाठीचं घेऊ नकोस. चौदा ते सोळा इंची, बकरीच्या कातड्याचं आणि स्क्रूने सूर लावता येणारं घे. दमट हवेत कातडं सैल पडतं, पबच्या उबेत ताठ होतं. ताठ झालं तर आतल्या बाजूने ओला हात फिरव, आणि वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करून ठेव.

सेशनला गेलीस की आधी विचार. दुसरं बाउरान आधीच वाजत असेल तर आपलं पिशवीतच राहू दे. दोन बाउरानांनी धुनेचा चिखल होतो. एखाद्या संध्याकाळी नुसतं ऐकूनही बरंच शिकून येशील. जूनमध्ये आयर्लंडच्या इनिश ओर बेटावर 'क्रॅकन' ही बाउरानची उन्हाळी शाळा भरते. जमलं तर जा, पण त्याआधी दहा-बारा धुना तोंडात असू देत.

या महिन्यात एक जिग निवड. आधी ती गाऊन रेकॉर्ड कर, मग वाजवून. दोन्ही मला पाठव, गायलेली आधी ऐकेन.

तुझा,
काका