भुवया उचलायच्या की आधी पॉलिसी परत करायची?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५१, पणजीत खाजगी कचेरीत नोकरी, हातात पगार ३८ हजार. यजमानांचा खाणीवर टिप्पर होता. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या आणि तो विकावा लागला. आता ते पिकअप चालवतात, महिन्याला कधी १५ तर कधी २० हजार मिळतात. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतोय.

त्यांचा प्रश्न असा: भुवया खाली आल्यात, डोळे सतत दमलेले दिसतात, आणि तीन महिन्यांनी भाचीचं लग्न आहे. शस्त्रक्रिया नको. क्लिनिकने बोटॉक्सच्या इंजेक्शनचे १५ हजार, हायफूचे (ध्वनिलहरींनी कातडी आवळण्याचे) ४० हजार आणि थ्रेड लिफ्टचे (कातडीखालून धागे घालून ती वर ओढण्याचे) ६० हजार सांगितलेत. तिन्हींचं पॅकेज १ लाख १० हजारांना, बिनव्याजी १२ हप्त्यांत, आणि 'परिणाम पाच वर्षं टिकेल' असंही वर सांगितलंय. पैशाच्या दृष्टीने काय परवडेल?

शेवटी एक ओळ आहे: 'हप्त्यांची काळजी नाही. आईच्या घराच्या हिश्श्याचे ६ लाख आले, त्यातले ३ लाख बँकेतल्या मॅडमनी दरवर्षी ४० हजार व्याज देणाऱ्या योजनेत घातलेत. कागद नऊ दिवसांपूर्वी पोस्टाने आले. त्यांवर प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं असं आहे, पण ते तसंच छापतात म्हणे.'

ताई, ते तसंच छापत नाहीत. छापलंय तेच खरं आहे. तुम्ही ठेव ठेवलेली नाही, विमा पॉलिसी घेतली आहे. दरवर्षी ३ लाख, असे दहा वर्षं, म्हणजे एकूण ३० लाख भरायचं तुम्ही सही करून कबूल केलंय. म्हणून हे उत्तर प्रसिद्ध व्हायची वाट न पाहता पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला ईमेलने पाठवलं. इतरांनीही वाचावं म्हणून तुमच्या परवानगीने इथे देतोय.

तुमच्या घरात वर्षाला सगळं मिळून साडेसहा लाख येतात. त्यातले ३ लाख हप्त्याला. कंपनीने ४० हजार परत दिले तरी २ लाख ६० हजार जातात, म्हणजे महिन्याला जवळपास २२ हजार. तुमच्या पगारातले उरले १६ हजार. त्यात किराणा, गॅस, वीजबिल, मुलाची फी आणि रोजचं डिचोली-पणजी भाडं. ५८ व्या वर्षी निवृत्त झालात तर शेवटचे दोन-तीन हप्ते पगाराशिवाय भरायचे. आणि ते ४० हजार म्हणजे व्याज नव्हे. तुम्हीच भरलेल्या पैशातले थोडे तुम्हाला परत दाखवायचे, की माणसाला वाटतं ३ लाखांवर १३ टक्के मिळाले. अशा योजनांचा हिशेब मी जितक्या वेळा मांडलाय, त्यात परतावा पाच-सहा टक्क्यांच्या पुढे क्वचितच गेलाय. पुढच्या वर्षी हप्ता जमला नाही तर आज भरलेल्या ३ लाखांतलाही मोठा भाग हातचा जाईल.

मला राग येतो तो यासाठी. पगाराची स्लिप ज्या बँकेत दर महिन्याला दिसते, त्याच बँकेत बसून ३८ हजार पगाराच्या बाईला वर्षाला ३ लाखांची पॉलिसी विकली जाते. खाण अवलंबितांच्या घरांत गेल्या काही वर्षांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. जमिनीचे, भरपाईचे, हिश्श्याचे पैसे खात्यात आले की आठवड्याभरात फोन येतो.

तुमचं नशीब एवढंच की वेळ गेलेली नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला 'फ्री लुक' म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. कापली जाणारी रक्कम ३ लाखांच्या मानाने किरकोळ असते.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेतल्या मॅडमकडे नाही. पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि 'मला ही एकदाच भरायची ठेव म्हणून सांगितली, फ्री लुक मुदतीत रद्द करा' असं साध्या शब्दांत लिहा. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. त्याआधी सगळ्या कागदांची झेरॉक्स काढून ठेवा. कंपनीच्या शाखेत देऊन प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या, आणि तोच मजकूर नोंदवलेल्या ईमेलवरूनही पाठवा. पोस्टाचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. पॉलिसी आधी ईमेलवर आली होती का, हे मुलाला आजच बघायला सांगा. आली असेल तर कंपनी ३० दिवस तिथून मोजायला लागेल. टाळाटाळ झाली तर नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, तिथेही नाही जमलं तर विमा लोकपाल आहेत.

मॅडम फोन करतील. 'आत्ता मोडलंत तर नुकसान होईल', 'दुसरी चांगली योजना देते', 'एक वर्ष थांबा' असं म्हणतील. एक वर्ष थांबलात तर परतीची ही वाट बंद होते. त्यांच्याशी वाद घालायचीही गरज नाही, अर्ज दिलाय एवढंच सांगा.

पैसे परत आले की पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ३ लाख ठेवा. आजच्या ७.४ टक्के दराने महिन्याला १,८५० रुपये येतात, आणि पाच वर्षांनी मुद्दल तुमचं तुम्हाला. उरलेले ३ लाख बचत खात्यात पडलेत, ते दोन-तीन मुदत ठेवींत वाटून ठेवा. पिकअपचं इंजिन किंवा मुलाची फी, पहिली गरज तिथून भागेल.

आता भुवया. पॅकेज घेऊ नका. त्याचे हप्ते पुढच्या महिन्यापासून, साधारण ९,२०० रुपये. तुमचे ते ४० हजार येणार होते पुढच्या वर्षी, आणि तेही १ लाख १० हजारांना पुरले नसते. शिवाय सौंदर्यासाठीच्या उपचारांवर जीएसटी लागतो. तो सांगितलेल्या रकमेत धरला नसेल तर १ लाख १० हजारांवर तोही भरावा लागेल. बिनव्याजी हप्त्यांत प्रोसेसिंग फी किती, आणि रोख दिले तर किती सूट, हेही विचारा. व्याज बहुधा तिथेच लपलेलं असतं.

पाच वर्षांचं आश्वासन मनातून काढून टाका. बोटॉक्स भुवई खाली ओढणारे स्नायू सैल करतं, त्यामुळे ती दोन-तीन मिलीमीटर वर जाते, आणि तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. कायम ठेवायचं म्हटलं तर १५ हजार वर्षातून तीनदा, म्हणजे ४५ हजार. थ्रेड लिफ्टमध्ये सहसा वापरतात ते पीडीओ नावाच्या विरघळणाऱ्या पदार्थाचे धागे साधारण सहा महिन्यांत विरघळतात, उचल वर्षभर टिकली तरी पुष्कळ. हायफूचा परिणाम दिसायलाच दोन-तीन महिने लागतात, लग्नाला तो पोचेलच असं नाही. तिन्हींपैकी काहीच पाच वर्षं टिकत नाही.

पण आधी एकदा बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) नेत्र विभागात दाखवून या. पापणीचीच कातडी सैल होऊन डोळ्यावर आली असेल तर भुवई उचलून ती हटत नाही. अशी जड पापणी असलेली माणसं नकळत कपाळाच्या स्नायूने ती वर धरून ठेवतात. त्या कपाळातच बोटॉक्स दिलं तर भुवया आणखी खाली येतात, म्हणजे १५ हजार देऊन उलटंच व्हायचं. एकच बाजू अचानक पडली असेल तर मात्र लगेच जा.

तपासणीत सगळं ठीक निघालं तर एकदाच बोटॉक्स घ्या, त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडे, रोख पैशांनी, लग्नाआधी तीन-चार आठवडे. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे जातात, आणि काही फेरफार लागला तर हाताशी दिवस राहतात. नाही आवडलं तर तीन-चार महिन्यांत ते आपोआप जाईल आणि १५ हजारांवर विषय संपेल. एवढे तुम्ही स्वतःवर खर्च करायला माझी काहीच हरकत नाही.

आधी अर्ज द्या. पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो मला पाठवा, क्लिनिकची तारीख त्यानंतर घ्या.